आधी भिंत मोजा, मग चित्र निवडा

आकुर्डीत मोजमाप कळणाऱ्या माणसांची वाण नाही. कुणी मायक्रोमीटर हाताळत नोकरी पूर्ण केली, कुणी ड्रॉइंग ऑफिसात, कुणी आज रोज चाकणला जाऊन पार्ट तपासतो. तरीही याच घरांमध्ये साडेसहा फुटी सोफ्यावर एकटीच बारा इंची फ्रेम टांगलेली दिसते, नाहीतर दहा बाय दहाच्या खोलीत दाराएवढा लग्नाचा फोटो. हाताला अंदाज नाही असं मुळीच नाही. गोची होते ती क्रमात. चित्र दुकानात आवडतं, ते घेतलं जातं, आणि भिंतीचा विचार घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा केला की निम्म्याहून अधिक चुका टळतात, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय इथली सगळी घरं एका साच्यातली नाहीत. विठ्ठल मंदिराच्या आसपासची गावठाणातली जुनी घरं, १९७२ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या सेक्टरांमधले बंगले आणि रावेतच्या बाजूला उभे राहिलेले टॉवर अशा तीन प्रकारच्या भिंती इथे आहेत. प्रत्येकीचं माप वेगळं आणि खिळाही वेगळा.

काय करावे

• मोकळी भिंत मोजा, पूर्ण भिंत नव्हे. हॉलची भिंत चौदा फूट असली तरी तिच्यावर स्विचबोर्ड, एसी, पडद्याचा रॉड, ट्यूबलाइट आणि उघडल्यावर भिंतीला टेकणारं दार असतं. हे सगळं वजा करून जो चौकोन उरतो, तो चित्राचा. त्याची रुंदी आणि उंची इंचांत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. ब्रोशरमधला आकडा धरू नका, मेजरटेपचा आकडा धरा. फॉल्स सीलिंग केलेल्या फ्लॅटमध्ये जमिनीपासून छतापर्यंत साडेआठ-नऊ फूटच हाताशी राहतात.

• खाली फर्निचर असेल तर त्याच्या रुंदीचा दोन-तृतीयांश भाग चित्रानं व्यापावा. तीन माणसांचा सोफा साधारण ७८ इंचांचा असतो. म्हणजे वरची मांडणी ५२ इंचांच्या आसपास हवी. ४७ ते ५८ इंचांमध्ये काहीही चालेल. आता २४ बाय ३६ हे माप दुकानात भलं मोठं वाटतं, पण ते आडवं लावलं तरी या सोफ्यावर तोकडंच पडतं. त्याच मापाच्या दोन उभ्या फ्रेम शेजारी लावून मध्ये तीन इंच सोडले की ५१ इंच होतात आणि काम फत्ते. पलंगालाही हाच हिशोब लागू: ६० इंची पलंगावर ४० इंच, ७२ इंचीवर ४८.

• माप ठरलं की वर्तमानपत्राची पानं जोडून त्या मापाचा कागद कापा आणि मास्किंग टेपनं भिंतीवर लावा. पूर्ण लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. कागद दोन-चार दिवस तसाच राहू द्या. सकाळी चहा घेताना, रात्री दिवे लावल्यावर, दारातून आत येताना आणि सोफ्यावर बसून तो बघा. पहिल्या दिवशी बहुतेकांना तो फार मोठा वाटतो, कारण डोळ्याला रिकाम्या भिंतीची सवय असते. दोन-तीन दिवसांनी तोच बेताचा वाटू लागतो. घरातल्या सगळ्यांचं मत याच टप्प्यावर घ्या. कागद कात्रीनं लहान करता येतो, फ्रेम येत नाही. कारखान्यात नवा पार्ट थेट उत्पादनात जात नाही, आधी नमुना होतो. घरातही तीच शिस्त ठेवावी.

• चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ५८ इंचांवर आणा. जगभरच्या अनेक कलादालनांत साधारण हीच उंची धरतात, कारण उभ्या माणसाची नजर तिथे सहज जाते. हूक कुठे मारायचा हेही यावरूनच निघतं. समजा फ्रेम ३६ इंच उंच आहे. तिचा अर्धा भाग १८. मागची तार ताणली की वरच्या कडेपासून तीन इंच खाली येते. मग ५७ अधिक १८ वजा ३, म्हणजे हूक ७२ इंचांवर. ही बेरीज पेन्सिलनं कागदावर करा, भिंतीवर नको.

• दिवाण असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवा. सोफ्याला पाठ असते, म्हणून तिच्या वर सहा ते आठ इंच सोडून फ्रेम चालते. दिवाणावर माणूस लोडाला टेकून बसतो आणि डोकं थेट भिंतीला लागतं. गादीसह दिवाण १८ इंच उंच धरला आणि बसलेल्या माणसाचं डोकं त्याच्या वर तीन फूट धरलं तर ५४ इंच होतात. म्हणून चित्राची खालची कड ५८ ते ६० इंचांवर हवी. एवढ्या वर सुरुवात झाली की उभं, उंच चित्र छताकडे पळतं. त्यामुळे दिवाणावर आडवं आणि बुटकं चित्र निवडा: उंची २० ते २४ इंच, लांबी चार फुटांच्या जवळपास. आपल्याकडे पाहुणे दिवाणावर बसतात, आजोबा दुपारी तिथेच आडवे होतात. डोक्याला लागणारी फ्रेम पंधरा दिवसांत खाली उतरते.

• बघणारा किती लांबून बघणार ते ठरवा. चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतर असलं तर ते आरामात दिसतं. २४ बाय ३६ चा कर्ण ४३ इंच, म्हणजे साडेपाच ते सात फूट अंतर हवं. दहा फूट रुंद हॉलमध्ये सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत साधारण तेवढंच उरतं. निगडीच्या चौकातलं भक्ती-शक्ती शिल्प लांबून, चालत्या गाडीतून दिसावं म्हणून भव्य आहे. शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं चित्र घरात लावताना त्या भव्यतेची बरोबरी करायला जाऊ नका, आपल्या खोलीच्या अंतराला साजेसं माप घ्या.

• पॅसेजमध्ये लहान आणि बारकाव्याचं काम लावा. तिथली रुंदी तीन-साडेतीन फूट, मागे सरायला जागाच नसते. वारली चित्र या जागेसाठी उत्तम. ही कला मुळात घराच्या सारवलेल्या भिंतीची. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचा फेर, झाडावरचा पक्षी, वाटेवरची मुंगी हे सगळं दोन फुटांवरूनच दिसतं. असं बारीक, दाटीचं काम हॉलमध्ये बारा फुटांवर लावलं तर नुसती पांढरी नक्षी उरते. पवनाथडी जत्रेसारख्या ठिकाणी असं काही आवडलं, तर ते घरात नेमकं कुठून बघितलं जाईल हे तिथल्या तिथे मनात ठरवा.

• चित्र लहान आणि भिंत मोठी असेल तर माउंट वाढवा. १६ बाय २४ च्या चित्राला चारही बाजूंनी तीन इंचांचा माउंट आणि दीड इंची पट्टी घेतली की बाहेरचं माप सुमारे २५ बाय ३३ होतं. चित्र तेवढंच राहतं, भिंतीवरचं त्याचं वजन वाढतं. आजीच्या हातचं कशिदाकाम, जुनं पोस्टकार्ड, मुलीचं शाळेतलं चित्र अशा लहान पण मोलाच्या गोष्टींना मी कायम रुंद माउंटच सुचवते. उलट जागा मोजकी असेल तर फ्रेमवाल्याला नुसतं चित्राचं माप सांगून निघू नका. ‘पट्टीसकट बाहेरून किती भरेल?’ हे विचारून लिहून घ्या.

• आपला फोटो मोठा करण्याआधी पिक्सेल बघा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, आणि त्या दिवशी घरोघरी मोबाइलमध्ये सुंदर फोटो जमतात. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० बाय ३००० पिक्सेल असतात. इंचाला २०० पिक्सेल धरले तर २० बाय १५ इंचांची छपाई एकदम स्वच्छ येते, १५० धरले तर २६ बाय २० पर्यंत जाता येतं. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मग जेमतेम दहा-अकरा इंच. म्हणून ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणखी एक बारकावा: मोबाइलचा फोटो ४:३ असतो आणि १२ बाय १८ किंवा २० बाय ३० ही मापं ३:२ ची. तसाच छापला तर वरची पताका नाहीतर खालची पावलं कापली जातात. कापलेलं चालणार नसेल तर १५ बाय २० छापा आणि उरलेली जागा माउंटला द्या.

• जिना असलेल्या बंगल्यात फ्रेमची ओळ पायऱ्यांच्या चढाला समांतर न्या. प्रत्येक फ्रेमचा मध्य तिच्या खालच्या पायरीपासून मोजायचा. जिन्यातल्या फ्रेम १२ बाय १५ च्या आतल्या ठेवा, नाहीतर सामान वर नेताना कोपर लागतं.

• भिंत कशाची आहे ते आधी विचारा. माप ठरवण्यात हिचा हात मोठा असतो. जुन्या विटांच्या भिंतीत प्लगवर चांगलं वजन टिकतं. नव्या टॉवरमधली मायवान पद्धतीची काँक्रीट भिंत खिळा घेतच नाही, तिथे हॅमर ड्रिल लागतं, पण एकदा प्लग बसला की तो हलत नाही. सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग सैल होतो, तिच्यासाठी वेगळे लांब प्लग मिळतात. जिप्समचा थर जाड असेल तर नुसत्या थरात अडकलेला स्क्रू पोपडा घेऊन खाली येतो.

• काचेचं वजन हिशोबात धरा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीची काच अडीच किलोची असते. २४ बाय ३६ च्या फ्रेमला तीन मिलिमीटरची काच घेतली तर नुसती काचच चार किलोंच्या वर जाते, पट्टी आणि मागचा हार्डबोर्ड वेगळा. त्याच जाडीचं अ‍ॅक्रिलिक याच्या निम्म्यानं भरतं. पलंगाच्या डोक्याशी किंवा पाळण्याजवळ मोठं माप हवंच असेल तर अ‍ॅक्रिलिक, नाहीतर काचेविना कॅनव्हास.

• ३० इंचांहून रुंद फ्रेमला दोन हूक द्या. रेल्वे रुळांजवळच्या किंवा मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या इमारतीत एका खिळ्यावरची रुंद फ्रेम हळूहळू कलते, आणि रोज ती सरळ करताना भिंतीवर काळा डाग पडतो.

काय टाळावे

• छताला टेकवू नका. जुन्या वाड्यांमध्ये तसबिरी उंच लावत, हे खरं. पण तिथे त्या वरून पुढे झुकवलेल्या असत. बैठक जमिनीवर असे, खालून बघणाऱ्याला चेहरा नीट दिसे आणि काचेवर उजेड चमकत नसे. आपण ती उंची घेतली आणि झुकाव सोडून दिला. आता फ्लॅटमध्ये साडेसात फुटांवर सपाट लावलेल्या आजोबांच्या फोटोत आजोबांऐवजी समोरची ट्यूबलाइटच दिसते. उंच लावायचाच असेल तर खालच्या बाजूला आधार देऊन वरची बाजू पुढे झुकवा.

• दिवंगतांच्या फोटोचं माप हार विसरून ठरवू नका. हार फ्रेमच्या खाली अर्धा फूट उतरतो. खाली टीव्ही किंवा स्विचबोर्ड असेल तर ती जागा चूकच. दोन फोटो शेजारी असतील तर हारांसाठी मध्ये चार-पाच इंच सोडा. आई-वडिलांच्या फोटोंची मापं वेगळी असली तर माउंट कमी-जास्त करून बाहेरचं माप सारखं करून घ्या. घरातल्या माणसांना हे फार बरं वाटतं.

• महाराजांचं चित्र गर्दीत बसवू नका. शिवरायांच्या प्रतिमेला स्वतःची भिंत द्या, निदान दोन्ही बाजूंना फूटभर मोकळी जागा. कुटुंबाचे आठ फोटो आणि त्यात एक महाराज, ही मांडणी मला कधीच पटली नाही. तिथे माप लहान असलं तरी चालेल, मोकळीक लहान नको.

• टीव्हीच्या भिंतीवर चुरस लावू नका. ४३ इंची टीव्ही साडेसदतीस इंच रुंद असतो, ५५ इंची ४८. त्याच्याच मापाची फ्रेम शेजारी लावली की दोन्हीकडे लक्ष जात नाही. टीव्हीच्या बाजूला लावायचंच तर उभं, अरुंद काहीतरी. चित्रासाठी समोरची, म्हणजे सोफ्यामागची भिंत राखून ठेवा.

• रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती पाच फुटांची करून घेऊ नका. आकुर्डीहून लोणावळा लोकलनं गेलं की लोणावळ्याच्या आधी मळवली लागतं. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना पुढे तिथेच आला, आणि त्या छापील तसबिरींनी साध्या घरांच्या भिंतीही सजल्या. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून केलेली ती शिळाछपाई होती, आणि मापं घरगुती भिंतीची, दोन-तीन हातांच्या अंतरावरून बघण्याची. तिचा स्कॅन ताणून प्रचंड केला की चेहऱ्यावर दगडाचा रवाळ ठिपकेदार पोत उमटतो आणि साडीचा काठ विरघळतो. मूळच्या जवळपास ठेवा, माउंट रुंद घ्या. देवघराशेजारी तेच शोभून दिसतं.

• ऑनलाइन फोटोवर विश्वासून मागवू नका. अ‍ॅपवरच्या चित्रात सोफा कुठला आणि खोली केवढी, हे कळत नाही. ‘पाचचा सेट’ लिहिलेलं असेल तर दिलेलं माप एका तुकड्याचं की पाचही मिळून, हे वाचा. फ्रेमसकट की नुसत्या छपाईचं, तेही. धावत्या घोड्यांचं लांबट चित्र अनेकांना हवं असतं. त्याची उंची रुंदीच्या निम्मीच असते, त्यामुळे रुंदी पुरेशी घेतली नाही तर घोडे बोटाएवढे होतात.

• ए४ मापाच्या सात-आठ फ्रेम भिंतभर पसरू नका. दोन फ्रेममध्ये दोन ते तीन इंचच अंतर ठेवा, म्हणजे पूर्ण गट एक चित्र म्हणून दिसेल. अंतर सहा-सात इंच झालं की प्रत्येक फ्रेम एकटी पडते. गटाचं बाहेरचं एकूण माप काढा आणि त्याला वरचा दोन-तृतीयांशाचा नियम लावा. आधी जमिनीवर मांडून बघा.

• पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर कागदाचं मोठं काम लावू नका. पावसाळ्यात तिथे ओल येते. मोठा कागद आधी फुगतो, मग काचेला चिकटतो. लावायचंच असेल तर मागच्या चार कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहील.

• स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका, आतून वायर गेलेली असते. बाथरूमच्या मागच्या भिंतीत पाइप असतो. चित्राची जागा तिथेच येत असेल तर माप बदला, धोका घेऊ नका.

• दुपारी ड्रिल चालवू नका. या पट्ट्यात शेजारी तिसऱ्या पाळीवरून सकाळी आलेला असतो आणि दुपारपर्यंत झोपलेला असतो. मायवानच्या भिंतीतून आवाज दोन मजले जातो. संध्याकाळी किंवा रविवारी, आणि आधी शेजारी सांगून.

• भाड्याच्या घरात जड माप घेऊ नका. चिकटपट्टीचे हूक ऑइलबाऊंड डिस्टेंपरवर रंगाचा पापुद्रा घेऊन निघतात. सनबोर्डवरची छपाई हलकी असते, दोन फुटांपर्यंत सहज जाते. आणखी मोठं हवं असेल तर ते टांगूच नका. बुटक्या कपाटावर उभं करून भिंतीला टेकवा, घर बदलताना डिपॉझिटही कापलं जाणार नाही.

• घरी कसं न्यायचं हे न ठरवता मोठं चित्र घेऊ नका. काचेची फ्रेम दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून चिंचवडहून आणणं हा जिवाशी खेळ आहे, रिक्षात आडवी चार फुटी फ्रेम मावत नाही. जुन्या चारमजली इमारतींना लिफ्ट नसते, जिन्याचं वळण आखूड असतं. निघण्याआधी लिफ्टच्या दाराची रुंदी आणि उंची, नाहीतर जिन्याच्या वळणाची जागा मोजून घ्या. चार बाय सहा फुटांचा कॅनव्हास हवाच असेल तर तो गुंडाळी करून आणा आणि लाकडी चौकटीवर ताणायला फ्रेमवाल्यालाच घरी बोलवा.